बॉनेटखालची साफसफाई घरच्या घरी : कामाच्या नोंदी, कोल्हापूर

गाडी 2013 ची पेट्रोल हॅचबॅक. तीन सिलिंडर, प्रत्येक स्पार्क प्लगवर ठिणगीसाठी स्वतंत्र कॉईल, टायमिंग चेन. रनिंग 84 हजार. टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या माथ्यावरचं झाकण) कडेने ऑईलचा ओलसर पट्टा, त्यावर ऊस हंगामातली कारखान्यांची राख बसून झालेली काळी खपली, बॅटरीच्या प्लसवर हिरवट खार, वायपरखाली पाला. काम काढलं ते चकाकीसाठी नव्हे. ऑईल नेमकं कुठून येतंय तेच या राड्यात दिसत नव्हतं. म्हणून पाणी कमीत कमी आणि निरखून बघणं जास्तीत जास्त, असा हिशेब ठेवला.

8 फेब्रुवारी 2025, शनिवार. पाहणी आणि सामान

हात लावण्याआधी फोटो. चारही कोपऱ्यांतून, शिवाय बॅटरी, होजचे जोड, टॅपेट कव्हरची कड आणि बेल्टची बाजू जवळून. डाग पुसले की माग पुसला जातो, मग लिकेज शोधायला पुन्हा महिनाभर थांबावं लागतं. ऑईल खाली उतरतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे पसरतं, त्यामुळे खालचा मोठा ओला भाग फसवा असतो. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका शोधायचा. इथे तो टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात, गिअरबॉक्सच्या बाजूला असावा असा संशय आहे, पण खपलीमुळे खात्री नाही.

दुसरी गोष्ट रेडिएटरच्या वरच्या होजवर सापडली. क्लिपच्या कडेला पांढरट-हिरवी कोरडी पापडी. हा कूलंट पाझरून सुकलेला. तोही फोटोत घेतला.

सामान: पाण्यात मिसळणारं डिग्रीजर (तेलकट घाण सोडवणारं औषध) 1 लिटर 380 रुपये, कुंड्यांवर फवारायचा 2 लिटरचा हातपंप 290, एक इंची आणि दोन इंची रंगाचे ब्रश 110, मायक्रोफायबर फडकी 200, मास्किंग टेप 50, केबल टाय 60, नायट्राइल हातमोजे 150. एकूण 1,240. हातपंप नवाच घ्यावा, औषध किंवा तणनाशक मारलेला नको. घरातून जुने टूथब्रश, खायचा सोडा, पेट्रोलियम जेली, ब्लोअर आणि धुऊन वाळवलेल्या गोकुळच्या दुधाच्या पिशव्या. अर्ध्या लिटरची पिशवी कॉईलवर किंवा कनेक्टरवर टोपीसारखी बसते आणि बाजाराच्या पातळ कॅरीबॅगसारखी फाटत नाही.

रॉकेल आणि डिझेल यादीत नाही. वॉशिंग सेंटरवर डिझेलचा फवारा मारून इंजिन काळंभोर चमकवून देतात. दोन दिवस छान दिसतं. पण डिझेलची तेलकट पातळ परत मागे राहते, तिच्यावर पहिल्यापेक्षा जास्त धूळ चिकटते, रबरी होज आणि बेल्ट फुगून मऊ पडतात, आणि गरम मॅनिफोल्डजवळ (सिलिंडरमधला धूर बाहेर नेणारा भाग) जळाऊ पदार्थ मारणं हा धोका वेगळाच. नव्या लिकेजचा ओला डाग आणि डिझेलचा ओला डाग यांत फरकही कळत नाही, म्हणजे या कामाचा हेतूच बुडतो.

9 फेब्रुवारी, रविवार. कोरडी सफाई

अख्ख्या कामातला सगळ्यात मोठा आणि उपयोगी भाग हाच. निम्म्याहून जास्त घाण पाण्याच्या थेंबाशिवाय निघाली.

सुरुवात वायपरखालच्या जाळीपासून. प्लास्टिकची जाळी वायपरचे हात काढल्याशिवाय निघत नाही. हातांचे नट निघाले, पण हात स्प्लाइनवर (दातेरी दांड्यावर) घट्ट बसले होते. स्क्रूड्रायव्हरने उचकटायला गेलं की काचेला तडा जाऊ शकतो. नट दोन आटे लावून ठेवला, मुळाशी पेनिट्रेटिंग ऑईलचे दोन थेंब, दहा मिनिटं थांबून हात डावी-उजवीकडे हलवला, मग सुटला. हातांची जागा काचेवर मास्किंग टेपने आधीच खुणावली होती, नाहीतर परत बसवताना वायपर काचेच्या कडेवर आपटतात.

जाळीखाली निघालं ते कोल्हापूरचंच: उसाचं पाचट, कडुनिंबाची पानं, आणि राधानगरीच्या बाजूची तांबडी माती, ओली होऊन विटेसारखी घट्ट बसलेली. हंगामात ट्रॉल्यांच्या मागून फिरणाऱ्या प्रत्येक गाडीत थोडंफार पाचट सापडेलच. त्रास दिसण्याचा नाही, या खाचेच्या दोन्ही टोकांना पाणी जायची भोकं असतात त्यांचा आहे. ती बुजली की पावसाळ्यात पाणी साचून एसीच्या हवेच्या तोंडातून आत येतं, डाव्या सीटखालचा गालिचा ओला होतो आणि ब्लोअर लावला की कुबट वास मारतो. डावीकडचं भोक पूर्ण बंद होतं. खालून जाड केबल टाय घालून मोकळं केलं, अर्धा तांब्या पाणी ओतून चाकाच्या मागून खाली येतंय हे बघितलं.

कोपऱ्यात उंदराचं अर्धवट घरटं: बॉनेटच्या आतल्या नमद्याचा कापूस, पाचट आणि लेंड्या. हे कोरडं झाडायचं नाही. सुकलेल्या लेंड्यांची धूळ नाकात जाते, आणि उंदराच्या मुताने लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. मास्क, हातमोजे, जंतुनाशकाचं पाणी फवारून दहा मिनिटं भिजवलं आणि ओल्या कागदात उचलून टाकलं. ब्लिचिंगचं पाणी इथे वापरू नका, ॲल्युमिनियमला खातं. घरटं असेल तर त्याच्या हातभर अंतरातल्या सगळ्या वायरी बोटांनी चाचपायच्या. इथे वॉशरच्या मोटरची एक वायर तांबं दिसेपर्यंत कुरतडलेली निघाली. तुकडा कापून, सोल्डर करून, हीट श्रिंक (उष्णतेने आवळणारी नळी) चढवली. नुसती काळी टेप बॉनेटखालच्या उष्णतेने वर्षभरात चिकट होऊन उलगडते.

मग ब्रश. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची नळी, वरून खाली. रंगाच्या ब्रशला पत्र्याचा पट्टा असतो, तो टेपने पूर्ण गुंडाळावा. बॅटरीच्या दोन टर्मिनलमध्ये तो टेकला तर ठिणगी पडते, आणि रंगावर ओरखडे येतात ते वेगळेच. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत रोज गाडी लावणाऱ्यांना एक जादा काम: फाउंड्रीच्या परिसरातल्या धुळीत लोखंडाची बारीक कीस असते. ती कोरडीच काढावी. ओली झाली की गंजून नारिंगी ठिपके पडतात आणि मग घासूनच काढावे लागतात.

एसी कंडेन्सरच्या जाळीत किडे आणि बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) भुसा. मऊ ब्रश उभ्या दिशेनेच, पाकळ्यांच्या रेषेत. आडवा फिरवला की पाकळ्या दुमडतात आणि हवा अडते.

11 फेब्रुवारी, मंगळवार संध्याकाळ. बॅटरी

निगेटिव्ह आधी, दहाचा पाना. प्लस नंतर. परत लावताना उलटं: प्लस आधी, निगेटिव्ह शेवटी. उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला तर सरळ शॉर्ट.

खारावर एक पेला कोमट पाण्यात एक मोठा चमचा सोडा. ओतायचा नाही, टूथब्रशने लावायचा. फेस थांबेपर्यंत परत परत. बॅटरीची बुचं घट्ट आहेत याची आधी खात्री. सोडा आत गेला तर ॲसिड मारलं जातं आणि सेल बाद. डोळ्यांवर चष्मा हवाच. शेवटी साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळवून, टर्मिनल कसल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. कसण्याआधी जाड थर लावून ठेवायचा नाही.

वेळ खाल्ला तो बॅटरीखालच्या ट्रेने. ॲसिड ठिबकून रंग उडालेला, पत्रा गंजलेला, चारपैकी एक बोल्ट गंजून जाम झालेला. जोर लावला असता तर तुटला असता. पेनिट्रेटिंग ऑईल मारून रात्रभर सोडला आणि सकाळी घट्ट-सैल, घट्ट-सैल असं पाव-पाव फेरा करत काढला. तारेचा ब्रश, सोड्याचं पाणी, वाळवण, रेड ऑक्साइडचे दोन हात. रंग घरात होता.

15 फेब्रुवारी, शनिवार सकाळ. डिग्रीजर

आदल्या रात्रीपासून गाडी बंद. तापलेल्या इंजिनवर डिग्रीजर मारला की क्षणात सुकून पांढरे ओघळ उमटतात, आणि गरम मॅनिफोल्ड किंवा ऑक्सिजन सेन्सरवर गार पाणी पडलं तर तडा जायची भीती. सकाळी साडेसातला सावलीत काम सुरू. फेब्रुवारीतसुद्धा बारानंतरचं ऊन डिग्रीजर सुकवायला पुरेसं असतं.

खाली ताडपत्री, कडा विटांवर उचललेल्या, मध्ये सॉ मिलमधला लाकडाचा भुसा. ऑईलचं पाणी गटारात सोडायचं नाही. शहरातली गटारं जयंती नाल्याला आणि नाला पंचगंगेला. भुसा सगळं शोषतो, नंतर पोत्यात भरता येतो.

झाकाझाक: अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), फ्यूज बॉक्स, ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर), एअर फिल्टरचं तोंड, तिन्ही कॉईल, हॉर्न, उघडे कनेक्टर आणि बेल्ट. एकूण अकरा पिशव्या, प्रत्येकीवर मार्करने नंबर, यादी भिंतीवर चिकटवलेली. एखादी विसरलेली पिशवी मॅनिफोल्डवर वितळली तर तो वास महिनाभर एसीतून येत राहतो. ऑईलचं झाकण, डिपस्टिक, ब्रेक ऑईलचं झाकण दाबून बघितलं. एसीच्या गॅसचं वजन छापलेल्या स्टिकरवर टेप, कारण डिग्रीजर अक्षरं खातो आणि तो आकडा गॅस भरताना लागतोच.

प्रमाण 1:4, म्हणजे 200 मिलि डिग्रीजर आणि 800 मिलि पाणी. टॅपेट कव्हरखालच्या जुन्या खपलीसाठी 1:2, पण फक्त लोखंडी भागावर. ही औषधं अल्कलाइन असतात, ॲल्युमिनियमवर जादा तीव्र किंवा जादा वेळ राहिली की चमक जाऊन राखाडी-पांढरे चट्टे उठतात आणि ते परत जात नाहीत. एका वेळी एकच भाग, खालून वर फवारा, तीन-चार मिनिटं, ब्रशने घासून, सुकायच्या आत पाणी. भांड्यांचा साबण चालतो म्हणतात. चालतो, पण फेस धुऊन काढायला बरंच जास्त पाणी लागतं आणि इथे पाणीच टाळायचंय.

पाणी त्याच हातपंपातून, पूर्ण धुऊन घेतल्यावर. सगळ्या इंजिनला मिळून साधारण आठ लिटर. प्रेशर वॉशर नको. घरगुती मशीनचाही दाब शंभर बारच्या पुढे जातो, कनेक्टरचं रबरी सील तेवढ्यासाठी बनवलेलंच नसतं. शेवटचा हात बोअरच्या पाण्याऐवजी नळाच्या पाण्याचा, म्हणजे क्षारांचे पांढरे ठिपके राहत नाहीत.

धुऊन झाल्यावर फडक्याने टिपलं, ब्लोअरने खाचाखोचा, पिशव्या काढल्या. यादीप्रमाणे अकरा. बॉनेट उघडं ठेवून दोन तास.

15 फेब्रुवारी, दुपार. मिसिंग

स्टार्ट झाली, पण इंजिन थरथरतंय, गाडी मिसिंग मारतेय (एखादा सिलिंडर नीट पेटत नाहीये) आणि चेक इंजिनचा दिवा मिचकावतोय. दिवा नुसता लागला असेल तर थोडा वेळ आहे. मिचकावत असेल तर लगेच बंद करायचं, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन तो तापतो आणि नवा घ्यायचा म्हटलं तर खिसा रिकामा होतो.

ओबीडी डोंगलवर (गाडीला जोडून बिघाडाचा कोड वाचायचं छोटं यंत्र) कोड पी0302, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. कॉईलचा दहाचा बोल्ट काढून कॉईल सरळ वर ओढली. खाली प्लगच्या विहिरीत (प्लग बसतो तो खोल खळगा) चमचाभर पाणी, वर ऑईलची तवंग. दुधाची पिशवी रबर बँडसकट एका बाजूला सरकली होती. कॉईलचं तोंड कनेक्टरच्या बाजूने तिरकं असल्यामुळे तिथे रबर बँड धरत नाही, टेपच लागते.

इथे घाईने प्लग उघडायचा नाही. प्लग सैल होताच ते पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. आधी ब्लोअर, मग कागदाची घट्ट गुंडाळी बुडवून टिपणं, परत ब्लोअर, टॉर्चने तळ कोरडा दिसेपर्यंत. कॉईलचं रबरी बूट आतून पुसून, ओठाला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा नखाएवढा थर. बसवली, कोड पुसला, तिन्ही सिलिंडर चालू. दुपार यात गेली.

पण पाण्यावर ऑईलची तवंग होती, ही या दिवसाची खरी कमाई. पाणी बाहेरून आलं, ऑईल नाही. विहिरीत ऑईल म्हणजे प्लग ट्यूबचं, म्हणजे या विहिरीच्या नळीचं, सील गेलेलं.

16 फेब्रुवारी, रविवार. किरकोळ

सकाळी पहिल्या स्टार्टला बेल्टची किंचाळी, एसी लावला की जास्त. डिग्रीजरचा अंश बेल्टच्या रिबांमध्ये (आतल्या लांब उंचवट्यांमध्ये) राहिला होता. बेल्ट ड्रेसिंगचा स्प्रे मारणं हा यावरचा उपाय नाही, तो चिकटपणा वाढवून धूळ धरतो. इंजिन बंद, किल्ली खिशात, ओल्या फडक्याने आणि टूथब्रशने रिबा साफ, दोन वेळा साधं पाणी, वाळवून स्टार्ट. आवाज गेला. आवाज राहिला असता तर टेन्शन आणि बेअरिंग बघावं लागलं असतं.

जुन्या प्लास्टिकचं काय होतं तेही दिसलं: एका कनेक्टरचं लॉक बोटाच्या दाबाने तुटलं. बारा वर्षांच्या उष्णतेने ते बिस्किटासारखं झालेलं असतं. कनेक्टर पूर्ण आत ढकलून बारीक केबल टायने बांधला.

चमकवायचा सिलिकॉन स्प्रे मारलेला नाही. ज्यांना हवाच असेल त्यांनी पाण्यावर आधारित ड्रेसिंग फडक्यावर घेऊन फक्त प्लास्टिक आणि होजवर लावावं. फवारा बेल्टवर जातोच.

22 फेब्रुवारी, शनिवार. पन्हाळा आणि परत

स्वच्छ इंजिनवर लिकेज शोधायचं तर लोड हवा. पन्हाळ्याचा चढ त्यासाठी सोयीचा, कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर. निघण्याआधी टॅपेट कव्हरच्या कडेने, ऑईल फिल्टरभोवती आणि खालच्या ऑईल पॅनच्या जोडावर टाल्कम पावडर ब्रशने भुरभुरली. बेल्टपासून आणि हवेच्या तोंडापासून लांब.

परत आल्यावर टॉर्च. पांढऱ्या पावडरीत मागच्या कोपऱ्यातून बोटभर रुंदीची तपकिरी रेघ, थेट मॅनिफोल्डच्या दिशेला. बाकी कड, फिल्टर, पॅन कोरडे. संशय खरा, आणि खर्च किती वाचला तेही कळलं: गॅरेजमध्ये खालची ओल बघून पॅनचं पॅकिंगही बदलायचा सल्ला मिळाला असता.

1 मार्च, शनिवार. पॅकिंग

टॅपेट कव्हर पॅकिंग आणि प्लग ट्यूबची सीलं मिळून 620 रुपये, सिलिकॉन सीलंट 180, पीसीव्ही व्हॉल्व्ह 240, वरच्या होजची क्लिप 40.

पीसीव्ही का? इंजिनच्या आतला वायू बाहेर काढणारा हा व्हॉल्व्ह तुंबला की आत दाब वाढतो आणि ऑईल जिथून वाट मिळेल तिथून बाहेर पडतं. नवं पॅकिंग घालून जुना तुंबलेला व्हॉल्व्ह ठेवला तर परत तेच. या प्रकारचा काढून कानाशी हलवायचा, आत टकटक वाजला पाहिजे. जुना मुका होता.

कव्हर चिकटलेलं असतं. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर ॲल्युमिनियमच्या कडेला खोच पडते आणि तिथून कायमचं लिकेज. रबरी हातोडीने बाजूने हलकं ठोकून सोडवलं. प्लग जागेवरच ठेवले, वर फडकी, आत काही पडायला नको. कड जुन्या एटीएम कार्डाने खरवडली, थिनरच्या फडक्याने पुसली. जुनं पॅकिंग वाकवलं तर वाकेना, मोडलं.

टायमिंग चेनचं कव्हर आणि इंजिनचं हेड जिथे मिळतात त्या दोन कोपऱ्यांत सीलंटचा हरभऱ्याएवढा ठिपका, बाकी पॅकिंग कोरडं. सगळीकडे सीलंट थापायची सवय वाईट. जादा माल आत सुटून ऑईलच्या जाळीत अडकतो. बोल्ट मधून बाहेर, दोन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने. हे छोटे बोल्ट साधारण दहा न्यूटन-मीटरच्या आसपास असतात, नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. हाताच्या अंदाजाने कसले की आटे जातात. सीलंट वाळायला गाडी रात्रभर बंद.

होजची पापडी पुसून नवी क्लिप लावली. हे इंजिन गार असतानाच.

8 मार्च, शनिवार

परत पन्हाळा, परत पावडर. मागचा कोपरा कोरडा. दोन नंबरची कॉईल काढून बघितली, विहीर कोरडी. कूलंटच्या टाकीतली पातळी मार्करच्या खुणेवर जागच्या जागी.

एकूण खर्च 2,320 रुपये.

कारखाने चालू आहेत तोवर राख पडतेच, आठवड्यात बॉनेटखाली पातळ करडा थर आलाय. फरक एवढाच की खाली ऑईल नसल्यामुळे तो कोरड्या ब्रशने पाच मिनिटांत निघतो, डिग्रीजर लागत नाही.

उंदरांसाठी एसीच्या हवेच्या तोंडावर पाव इंची गॅल्व्हनाइज्ड जाळी बसवली, पाणी जायची भोकं मोकळी ठेवून. बॉनेटचा कुरतडलेला नमदा बदलायचा राहिलाय. त्याच्या प्लास्टिक क्लिपा काढताना हमखास तुटतात, त्यामुळे नमद्यासोबत पूर्ण संच मिळेपर्यंत तो तसाच.